रामराम आधी, पानी शेवटी

वालमनच्याच घरचा नळ कोरडा असते म्हनलं तं तुमी हासान. आमचं अख्खं गाव हासे, आन सगळ्यात मोठ्यानं मी.

वालमन म्हनजे नळयोजनेचे वाल उघडनारा-बंद करनारा मानूस. आमच्या बारागाव पानी योजनेचे वालमन होते बंडूजी. सायकलच्या दांड्याले लोखंडी चावी बांधलेली, मानसाच्या कमरेइतकी उंच, आन हँडलले एक पिशवी. तीन गावाइचं पानी त्याइच्या हाती. सकाळी त्याइची घंटी वाजली का बाया बकेटी घेऊन नळाखाली. फक्त आमच्या गल्लीतल्या बाया हंडे घेऊन उलट्या दिशेनं निघत, हापशीवर. त्यात पहिली बाई जिजाबाई, खुद्द बंडूजीची बायको.

माह्यं घर त्याइच्या घराले लागून. आन माही चहाची टपरी जवळच्या कारंजा गावाले, हायवेवरच्या ढाब्यामागं योजनेचं हापिस हाये, त्याच्या आवारात. म्हनजे बंडूजीचं घरचं भांडन बी माह्या कानावर आन हापिसातलं बी. देवानं मले कान दिले, त्याइले दरवाजे लावाले भुलला.

जिजाबाई हंडा डोक्यावर घेऊन दारात उभी राहे आन म्हने, "आले का भगीरथ? साऱ्या गावाले गंगा दाखवते, आन घरी पाय ठेवला का निर्जळी एकादस."

बंडूजी नुसते हासत. चावी भिंतीले टेकवत आन तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवत.

आता कारन सांगते. आमची गल्ली चढावर. खालच्या वस्तीत पानी धो धो, वर येतायेता त्याचा दम तुटे. वरच्या गल्लीले एक वेगळा उलीसा, वीतभर वाल बसवला असता तं भागलं असतं. पन ते काम हापिसाचं. आन तोवर खालचा वाल आवळून पानी वर लोटावं, तं खाली विहाराजवळच्या वस्तीत नळ सुकत. मी एकडाव म्हनलं, "भाऊजी, आवळा ना एखांद्या दिवशी. कोन पाहून राह्यलं?"

तं म्हने, "पानी पाहून राह्यलं ना, शकुबाई."

घ्या! अशा मानसापुढं कोन डोकं फोडन?

बंडूजीची सायकल आन तोंड, दोन्हीले ब्रेक नव्हते. पन दोष एकट्या त्याइचा नाई, आमच्या इकडची रीतच तशी. दारात आल्या आल्या कामाचं बोलला तो मानूस म्हनजे वसुलीवाला. भल्या मानसानं आधी बसावं, पानी प्यावं, लेकराबाळाचं इचारावं, बैलाचं इचारावं. कोनाच्या घरी मयतीचा निरोप घेऊन गेला तरी आधी तूर कशी हाये म्हनून इचारते आन मंग म्हनते, "बुढा गेला बाप्पा." त्यातही मोठ्या मानसाजवळ मागनं म्हनजे तं अजूनच फेरा. बंडूजी फेरा मारन्यात साऱ्या तालुक्यात पयले.

तरी जुन्या साहेबापर्यंत चाललं. तो साहेब माह्या टपरीवर बाकड्यावर बसे. बंडूजी येत, तंबाखू मळत, गाव सांगत, आन गप्पाइच्या तळाशी कोठीतरी कामाचं निघे. "अरे हो साहेब, टाकीची सिडी सडली." साहेब लिहून घे.

मंग भूपेंद्र साहेब आले. जवान पोरगा, मेहनती, डोळ्याखाली काळं, घरी नुकतं लेकरू झालेलं. वाईट नाई तो, उगाच कायले नाव ठेवू? पन बारा गावाइचं एकट्याच्या डोक्यावर, जीपमधून उतरायले सवड नाई. त्यानं ठरवलं, आता तोंडी कोनी काई सांगायचं नाई. साऱ्या वालमनाइले हापिसाचे फोन दिले, त्यात एक ॲप टाकलं. जे झालं ते ॲपमधे भरा, फोटो काढा, पाठवा. चुटकीचं काम.

ज्याचा अंगठा जलमभर ओला त्याले ती चुटकी कशी वाजन? बंडूजी वालच्या चेंबरमधून वर येत, फोनवर बोट ठेवत, अन् फोन काई हूं का चूं करे ना. पँटीले पुसत, टोपीले पुसत. फोन ओल्या बोटाले ओळखतच नाई. मी म्हनलं, "भाऊजी, तुमची बायको तुमाले ओळखत नाई, फोन कायले ओळखन?"

बरं, बोट लागलं तरी पुढं काय? ॲप इचारे, तक्रार कोनती? आन खाली आपल्याच मनानं चार नावं दाखवे: गळती, मोटर बंद, लाईट नाई, टाकी भरली. 'आमच्या गल्लीले वाल पाह्यजे' असं त्याच्यात नव्हतंच. मंग रक्षानं सांगतलं, घरच्या नळाची तक्रार गिऱ्हाइकाच्या नंबरवरून करावी लागते. बंडूजीचा नंबर गिऱ्हाइकाचा नाई, कर्मचाऱ्याचा. आन जिजाबाईजवळ फोनच नाई.

रक्षा म्हनजे हापिसातली कॉम्प्युटरवाली पोरगी, कारंज्याचीच. तिनंच बंडूजीवर दया केली. एक दिवस माह्या टपरीवर त्याइले घेऊन बसली. "काका, ॲप राहू द्या. आपल्या हापिसचा ग्रुप आहे ना, त्यात बोलून टाका. हा माईक दाबा, वर सरकवा, की हात मोकळा. बोला किती बोलायचं ते."

किती बोलायचं ते! हे वाक्य बंडूजीले सांगायचं असते का?

"आन त्याइनं ऐकलं हे मले कसं समजन?" बंडूजीनं इचारलं.

"सगळ्यांनी ऐकलं की हा माईक निळा होतो."

त्या दिवशी बंडूजी लय खूश. पाच रुपयाचा चहा पेले आन मले म्हनले, "शकुबाई, यंत्र बनवलं कोनी तं असं. तोंडानं चालनारं."

दुसऱ्या दिवसापासून माह्या टपरीमागच्या कडुलिंबाखाली सायकल लावून बंडूजीचं आकाशवानी केंद्र सुरू. मी कप धुता धुता ऐको.

"साहेब, रामराम. बंडू बोलून राह्यलो. तब्येत बरी हाये ना? परवा तुमी शिंकून राह्यले होते. लेकराचा कान दुखत होता म्हने, आता कसा हाये? त्याच्या कानाले वारं लागू देऊ नोका, टोपडं बांधजा. इकडे ऊन लय हाये. आमच्या गल्लीतली कुत्री याली, चार पिल्लं झाली. एक साहेब अगदी तुमच्या जीपच्या रंगाचं..."

मी म्हनो, "भाऊजी, कामाचं बोला! कुत्रीचं बारसं मंग करा."

ते हात दाखवून मले चूप करत. लय वेळानं निघे, "आन ते शाळेमागच्या चेंबरचं झाकन फुटलं, साहेब. मी वर बाभळीची काटी टाकून ठेवली. पोरं खेळते तिथी." आन मंग अगदी शेवटी आवाज बारीक करून, जसं काई कोनाच्या खिशात हात घालून राह्यले, "साहेब, एक गोष्ट होती. सांगू का नोको... आमच्या वरच्या गल्लीले एक उलीसा वाल भेटला असता तं. मी वालमन, मीच मागतो म्हनजे बरं नाई दिसत. पन जिजीचे गुडघे आता हापशीले ऐकत नाई. पाहा जमलं तं. नाई तं राहू द्या. रामराम."

रोजच्या बोलन्यात रोज हे शेपूट. कधी गुडघे, कधी पाठ. तोंडानं तं त्या बाईले एक गोड शब्द बोलत नव्हते, आन इकडे साहेबापुढं तिचा एक एक सांधा मोजून दाखवत.

मी म्हनलं, "हे जिजीले सांगा ना! रोज टोमने खाता कायले?"

"नोको. तुले माही शप्पथ हाये. साहेबानं केलं तं नळ आपोआप सांगन. नाई केलं तं तिले उगाच आशा."

आन साहेब? तिकडे ग्रुपवर काय चाले, तेबी सांगते. रक्षानं दाखवलं मले. सकाळी फुलाइचे फोटो, सुप्रभात, साहेबाच्या हाताखालच्याइचं जी साहेब, जी साहेब, आन जोडलेल्या हाताइची रांग. त्या गर्दीत बंडूजीचा आवाज लंबा पडलेला. ते बोलून ठेवत का खाली टपाटपा अंगठे उमटत. एकानं अंगठा दिला का दुसरा देये, कारन नाई दिला तं साहेबाले वाटन ग्रुपवर लक्ष नाई. ऐके कोनीच नाई. साहेबानं सुरवातीले एकडाव जीपमधे लावला होता म्हने. शिंकेपासून कुत्रीपर्यंत ऐकलं, तेवढ्यात दुसरा फोन आला. पुन्हा लावला नाई.

बंडूजी मले फोन दाखवत. "पाह्य बरं शकुबाई, निळा झाला का? माहे डोये आता साथ देत नाई."

"नाई ना भाऊजी."

"अंगठा तं दिला साहेबानं."

"अंगठा दिला. निळा नाई झाला."

"होईन," म्हनत. "कामात असन."

मले राहवलं नाई. साहेब चहाले थांबला तेव्हा मी म्हनलं, "साहेब, बंडूजीचं एक काम हाये, वरच्या गल्लीच्या वालचं."

तं साहेब घड्याळ पाहत म्हनला, "मावशी, त्यांना ग्रुपवर टाकायला सांगा ना. मी पाहतो."

आता याले काय म्हनावं? हासू का कपाळ बडवू?

चैत्रात ऊन पेटलं. बंडूजी फेरा मारून दुपारी घरी आले. चावी भिंतीले टेकवली, बाजीवर बसले. घरात पानी नव्हतं. जिजाबाई हापशीवर, रांग लंबी. ती आली तेव्हा बंडूजी बाजीवर आडवे होते, टोपी छातीवर. तिनं दारातूनच आवाज दिला, "आले का भगीरथ?" रोज हासनारा मानूस हासला नाई. डोक्यावरचा हंडा उतरवाले कोनी उठलं नाई. ती तशीच उभी होती बाई, हंडा डोक्यावर घेऊन. मी भिंतीपल्याडून पळत आली, मी उतरवला. त्याच पान्यानं त्याइले आंघोळ घातली.

तेरवी झाली. हापिसाचा मानूस येऊन फोन आन चावी घेऊन गेला. फोन साफ करून नव्या वालमनले दिला.

शप्पथ बंडूजीसंगं गेली, असं मी समजली, आन जिजाबाईले सारं सांगतलं. तिनं माह्याकडे असं पाह्यलं जसं मी खापरावरचे मांडे गॅसच्या शेगडीवर करते म्हनलं.

"शकू, तू पयल्यापासून त्याइचीच बाजू घेत आली. मरन झालं म्हनून गोड बनवून सांगू नोको. तो मानूस माह्या गुडघ्याचं बोलन? माह्यासंगं इतली वर्षं राह्यला, गुडघा दुखते का म्हनून इचारलं नाई."

"देवाशप्पथ, जिजी. मी कानानं ऐकलं."

"मंग माह्या कानाले ऐकव."

आता कोठून ऐकवू? फोन साफ. पन रक्षा भेटाले आली आन बोलता बोलता म्हनली, "काकू, काकांचा आवाज आहे आमच्याकडे. बाकीच्यांनी फोन भरला म्हणून पुसून टाकलं. माझ्या कॉम्प्युटरवर दिवाळीपासूनचं सगळं आहे."

जिजाबाई तिच्याजवळ सरकली. मंग बारीक आवाजात, "तू ऐकलं?"

पोरीनं मान खाली घातली. "नाही काकू. रोज वाटायचं, संध्याकाळी ऐकू."

"मंग दे मले."

"ग्रुपमधलं बाहेर पाठवायचं नाही, असा साहेबांचा नियम आहे. मागे कोणीतरी पेपरवाल्याला काही पाठवलं होतं ना. साहेबांना विचारावं लागेल."

मी दुसऱ्याच दिवशी जिजाबाईले ऑटोत बसवून हापिसात नेलं. ती खुर्चीवर बसली नाई. साहेब उभा झाला, खरंच उभा झाला. "काकू, फार वाईट झालं," म्हनला. "पण ते कार्यालयाचं आहे, असं बाहेर देता येत नाही. वर विचारावं लागेल."

"वर तं तेच गेले," जिजाबाई म्हनली. "त्याइलेच इचारा."

साहेबानं टेबलावरचे कागद सरळ केले.

"मले देऊ नोका, साहेब. तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मले फक्त ऐकवा."

"काकू, त्यात काय काय बोललेत ते मलाच माहीत नाही."

"मंग तुमीबी बसा."

इतल्या सालाइत त्या हापिसात कोनी साहेबाले बसा म्हनलं नव्हतं. तो बसला. रक्षानं कॉम्प्युटरचे स्पीकर लावले. मी दारात, चहाची किटली हातात तशीच.

पयले सायकलची घंटी वाजली. मंग खोकला. "साहेब, रामराम. बंडू बोलून राह्यलो."

जिजाबाईनं पदर कपाळावर ओढला, जसा नवरा चार मानसाइत आला का ओढते तसा.

शिंक निघाली, कुत्री निघाली, पिल्लं निघाली. तुरीचं निघालं, कोन्या गावच्या सरपंचाच्या पोरीचं लग्न निघालं. साहेबानं सवयीनं रक्षाले म्हनलं, "थोडं पुढे घे." जिजाबाई म्हनली, "राहू द्या. त्याइचं पुढं कधीच लवकर येत नाई." मंग कोनी पुढं घेतलं नाई.

लेकराचं निघालं. "साहेब, लेकराचा कान बरा झाला का? मी आमच्या मारोतीले नारळ बोललो हाये. तुमाले सवड नाई, माहीत हाये मले, मी फोडून घेईन." साहेब खिडकीकडे पाहाले लागला. मंग रुमाल काढून नाक शिंकरलं, अन् बंडूजी नेमके तिकडून म्हनले, "शिंक गेली ना तुमची?" आमी तिघीबी रडता रडता हासलो. मेला तरी फेरा चुकवला नाई या मानसानं.

चेंबरचं झाकन आलं. रक्षानं दुसरं लावलं, त्यातबी झाकन. तिसऱ्यात बी. "काटी वाळली साहेब, नवीन टाकली." साहेब मधेच उठला, फोन लावून कोनाले तरी म्हनला, "शाळेमागच्या चेंबरवर आज झाकण बसलं पाहिजे. आज म्हणजे आज. काय? काटी टाकलेली आहे? माहीत आहे मला."

आन मंग ते शेपूट आलं. बारीक आवाजात.

"साहेब, एक गोष्ट होती. जिजी मले रोज टोमना मारते. आन तिचं बरोबर हाये. मी तिले कधी काई म्हनत नाई, काऊन का म्हनलं तं ती रडन, आन ती रडली का मले जमत नाई. वरच्या गल्लीचं तेवढं पाहाजा. तिचे गुडघे रात्री कुरकुर करते, मी जागाच असतो, ऐकतो. नाई जमलं तं राहू द्या. रामराम."

पडद्यावर त्या बोलन्यापुढचा उलीसा माईक हिरवा होता, तो निळा झाला. रक्षानं बोट ठेवून दाखवलं. जिजाबाईनं इचारलं, "हे काय?"

"ऐकलं म्हणून, काकू."

"त्याइले दिसन का?"

रक्षानं पुढचं बोलनं लावलं.

त्या दिवशी सारं ऐकून झालं नाई. मंग रक्षानंच साहेबाले म्हनलं, रोज संध्याकाळी स्पीकर लावू, साऱ्या वालमनाइचं बसून ऐकू, चहाचे पैसे तिचे. साहेब हो म्हनला. पयले चार दिवस सारे घड्याळ पाहत. आता मीच किटली घेऊन वेळेवर जाते, नाई तं त्याइचं सुरू होत नाई. अंगठे बंद झाले. ऐकनाऱ्यानं बोलून उत्तर द्यायचं. साहेबानं साऱ्या वालमनाइले सांगतलं, काम आधी सांगा, रामराम मागून. चांगलं झालं, कामं लवकर होते. पन नवा वालमन बोलते, "झाकन फुटलं, टाका," आन बंद. कोनी साहेबाच्या लेकराचं इचारत नाई. एखांद्या संध्याकाळी साहेब रक्षाले म्हनते, "बंडूजींचं एक लाव." नियम त्यानंच काढून टाकला, जिजाबाईले एका जुन्या फोनमधे सारं भरून दिलं. पन तिले तो फोन चालवता येत नाई, तिचा अंगठा बी ओलाच. मीच लावून देते.

आखाडात वरच्या गल्लीले वाल बसला. उलीसाच, बंडूजी म्हनत तसाच. अर्ध्या दिवसाचं काम बाप्पा, अर्ध्या दिवसाचं!

पयलं पानी आलं त्या सकाळी मी भिंतीवरून डोकावून पाह्यलं. जिजाबाईच्या नळाले आधी हवा आली, फुसफुस, खोकल्यासारखी. मंग पानी. गल्लीतल्या बाया बकेटी आपटत ओरडून राह्यल्या. जिजाबाई पायरीवर बसलेली. नळाखाली हंडा नाई, काई नाई. पानी अंगनातून वाहत भिंतीपर्यंत गेलं, जिथी ते चावी टेकवत तिथी.

"अवो, हंडा लाव ना!" मी ओरडली. "वाया जाऊन राह्यलं."

तिनं माह्याकडे पाह्यलं. डोळे कोरडे होते, नळच तेवढा वाहत होता.

"शकू," ती म्हनली, "आता मी टोमना कोनाले मारू?"

मी भिंत ओलांडून गेली, तिच्या दारातला हंडा उचलला आन नळाखाली लावला. भरला तसा तिच्यासमोर आनून ठेवला. तिनं तो उचलून डोक्यावर घेतला, आन दारात उभी राह्यली. घरच्याच नळाचं पानी, कोठी न्यायचं नाई, काई नाई. तरी उभी राह्यली, आतल्या बाजीकडे पाहत.

थोड्या वेळानं मीच उतरवला.